मळवलीचं स्टेशन आणि खांबांवरची नावं

लोणावळ्याच्या फलाटावर ढग उतरलेत. पाऊस म्हणावा तर पडत नाही, पण बाकावर बसलं की पाठीला ओल लागते आणि चष्मा पुसला की लगेच पुन्हा धुरकटतो. सकाळचे सात वाजून गेलेत. आषाढातला मंगळवार. फलाटाचं मुंबईकडचं टोक पांढऱ्यात बुडालंय आणि त्या पांढऱ्यातून आवाज येतोय, आधी खूप खालून, मग जवळून. घाट चढून येणाऱ्या गाडीचा हा आवाज लोणावळेकरांना झोपेतही ओळखू येतो. सपाटीवरच्या गाडीला एकच आवाज असतो. घाटातल्या गाडीला दोन असतात, पुढच्या ओढणाऱ्याचा एक आणि मागच्या ढकलणाऱ्याचा एक.

इंजिनाचा दिवा दिसतो, मग इंजिन, मग डब्यांमागून डबे. खिडक्यांमध्ये झोपाळलेले चेहरे, काचेवर आतून बोटांनी काढलेल्या रेघा. गाडी थांबते. चहावाले, वडेवाले आणि चिक्कीची पुडकी छातीशी धरलेली पोरं डब्यांकडे धावतात. मी उलट दिशेला, गाडीच्या शेपटाकडे चालत जातो. मला बँकर बघायचेत.

शेवटच्या डब्याला टेकून दोन इंजिनं उभी आहेत. कर्जतला ती मागून लागली आणि इथपर्यंत ढकलत आली. भोर घाटाचा सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना १ फूट आहे. रस्त्यावरच्या माणसाला हा आकडा काहीच वाटणार नाही, पण लोखंडावर लोखंड फिरतं तिथं हा चढ म्हणजे भिंत. पुढच्या एकट्या इंजिनाच्या जिवावर एवढी मोठी गाडी वर येत नाही. नारिंगी जॅकेट घातलेला पॉइंट्समन रुळांत उतरतो, डबा आणि इंजिन यांच्यामधल्या फटीत वाकतो. त्याचा एक हात दिसतो, पकडीत काहीतरी घट्ट धरलेला. हवेचा पाइप सुटतो तेव्हा लांबलचक सुस्कारा निघतो आणि आजूबाजूचं धुकं क्षणभर हलतं. मग तो बाहेर येतो, हातातली बावटी दाखवतो, अंगावरचं पाणी झटकतो. पुढून भोंगा वाजतो. गाडी सुटते आणि मागची दोन इंजिनं जागच्या जागी राहतात. गाडीतल्या एकाही माणसानं मागं वळून पाहिलेलं मला दिसत नाही. त्यांना कळण्याचं काही कारणही नाही.

"आता हे परत खाली जाणार," बाकावरचे काका म्हणतात. वय पंचाहत्तरीच्या आसपास, डोक्यावर कानटोपी, पायांत गमबूट. रेल्वेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झालीत, उमेदीची सगळी नोकरी याच घाटात झाली. घर जवळच आहे. रोज सकाळी येऊन बसतात. "चढायला ताकद लागते, उतरायला अक्कल. उतरताना ब्रेक सुटला तर काय? म्हणून घाटात कॅच सायडिंग ठेवलेत. गाडी हातची गेली तर तिला उलट्या चढावर घालायची. चढावर आपोआप थांबते."

"तुमचे वडीलही रेल्वेतच?"

"वडील, आजोबा, सगळे. आमचा खापरपणजा तर सुरुंगावर होता म्हणतात. घाट फोडायच्या कामावर."

"नाव काय त्यांचं?"

काका माझ्याकडे बघतात, मग रुळांकडे. "नाव नाही ठाऊक," ते म्हणतात. "वडलांनाही ठाऊक नव्हतं. सुरुंगावर होता, एवढंच."

मी वहीत लिहायला घेतलेली ओळ तिथंच थांबते.

घाट कसा झाला ते मला पुस्तकांतून माहीत आहे. १२ मे १८५६ रोजी मुंबईकडची रेल्वे खोपोलीपर्यंत आली. १४ जून १८५८ रोजी पुण्याकडची रेल्वे खंडाळ्यापर्यंत आली. म्हणजे खाली रेल्वे, वर रेल्वे आणि मध्ये सह्याद्रीचा कडा. जवळजवळ पाच वर्षं मुंबई-पुण्याचे प्रवासी खोपोलीला उतरत, पालखीत, तट्टावर, बैलगाडीत किंवा पायी घाट चढत आणि वर येऊन दुसऱ्या गाडीत बसत. मधला तुकडा जोडायचं काम १८५६ मध्ये सुरू झालं ते १८६३ मध्ये संपलं. सुमारे १६ मैलांत १,८३१ फूट चढण, २५ बोगदे, दऱ्यांवरून जाणारे ८ मोठे पूल. आखणी जेम्स बर्कली या मुख्य अभियंत्याची. घाट सुरू झालेला त्यानं पाहिला नाही, आदल्या वर्षीच तो वारला. कंत्राट आधी फॅव्हिएलकडे होतं. १८५९ च्या सुरुवातीला मजुरी थकली म्हणून घाटातल्या मजुरांनी दंगा केला, पुढे फॅव्हिएलनं काम सोडलं. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि थोड्याच दिवसांत आजारानं गेला. त्याची बायको अ‍ॅलिस परत गेली नाही. तिनं कंत्राट स्वतःच्या अंगावर घेतलं, कामावर अभियंते नेमले आणि घाट पुरा केला. एकट्या बाईनं परक्या मुलखात एवढं ओझं उचललं, याचा मला मनापासून आदर वाटतो.

पण बर्कली, फॅव्हिएल, ट्रेडवेल ही नावं सांगून झाली की यादी संपते. १८६१ मध्ये या घाटात ४०,००० हून अधिक माणसं कामाला होती. देशावरची होती, कोकणातली होती. नवरा सुरुंगाचं भोक पाडायचा, बायको डोक्यावर पाटी घेऊन खडी वाहायची, पोरं बरोबर असायची. कड्याच्या तोंडावर उभं राहायला जागा नसे तिथं माणसाला दोरानं खाली सोडत आणि तो लोंबकळत पहार चालवी. पटकीची साथ आली, ताप आला, पावसाळे आले. माणसं हजारोंनी मेली. त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला ठाऊक नाही. शेजारी बसलेल्या काकांना आपल्या घरातलं एक नाव ठाऊक असायला हवं होतं, तेही नाही.

चिक्कीवाला पोरगा आमच्यासमोर येऊन उभा राहतो. मी शेंगदाण्याची घेतो. लोणावळ्यात असं सांगतात की या चिक्कीचं मूळ रेल्वेच्या मजुरांना विकल्या जाणाऱ्या गूळदाणीत आहे. स्वस्त, पोटभरीची, खिशात राहणारी, पावसातही न बिघडणारी. मजुराचं खाणं होतं ते, आता पाहुण्यांनी घरी न्यायचा खाऊ झालं. काकांना एक तुकडा देतो. ते दाताखाली धरून सावकाश चघळतात.

"भुशी डॅमला जाणार का?" ते विचारतात. "आज जा. रविवारी पाय ठेवायला जागा नसते. पण तो डॅम कशासाठी बांधला, कुणाला विचारा, सांगता येणार नाही. रेल्वेनं बांधला तो. वाफेच्या इंजिनाला पाणी लागायचं ना. घाट चढून आलं की इंजिन तहानलेलं."

वाफ गेली. १९२९-३० मध्ये पुण्यापर्यंत विजेच्या तारा आल्या आणि १ जून १९३० रोजी दख्खनची राणी धावली. घाटात गाडी उलटी फिरवायचं एक स्टेशन होतं. तिथं इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावत. ते त्याच सुमारास बंद झालं. घोड्यांच्या आणि बैलगाड्यांच्या काळातला, १८३० चा पूल, ज्याला सगळे अमृतांजन पूल म्हणत, तो द्रुतगती महामार्गावर अडचण होत होता म्हणून २०२० च्या एप्रिलमध्ये पाडला. वाहनांचे अपघात होत होते हे खरं. पण एवढा जुना दगड पडताना त्याच्यावर एक ओळ तरी कुठं लावायला हवी होती, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

पुण्याची लोकल लागलीय. काकांचा निरोप घेतो.

लोकलच्या दारापाशी दुधाचे कॅन लावलेत, झाकणांना फडकी बांधलेली. खिडकीच्या गजांना बाहेरून आणखी दोन लटकतायत. ११ मार्च १९७८ पासून पुणे-लोणावळा लोकल आहे आणि तेव्हापासून मावळचं दूध, मावळचा भाजीपाला आणि कारखान्यांत जाणारा मावळचा पोरगा याच गाडीनं पिंपरी, चिंचवड, पुणे गाठतोय. मावळातल्या किती घरांची चूल या लोकलवर पेटली ते मोजायला गेलं तर वही पुरणार नाही.

माझ्यासमोरच्या बाकावर वसईकडचं एक कुटुंब आहे. एक आजी, दोन सुना, एक मुलगा, तीन नातवंडं. आजीचं लुगडं कोळी पद्धतीचं, अंबाड्यात पिवळी शेवंती. पिशवीत नारळ, ओटीचं सामान, हिरव्या बांगड्यांचा डबा. पहाटेच्या गाडीनं मुंबईहून वर आलेत. एकवीरेला निघालेत. नातवाच्या वेळचा नवस आहे. कोळी, आगरी, सीकेपी आणि आणखी कितीतरी घरांची ही कुलदेवी. समुद्रावरची माणसं तिच्यासाठी सह्याद्री चढून येतात. चैत्रातल्या यात्रेला तर या गाडीत मुंगीला शिरायला जागा नसते.

"तुमी पण आयेकडं?" आजी विचारतात.

"हो, आईकडं आणि लेण्यातही."

"लेणी आयेच्याच दारात हायेत," आजी म्हणतात. त्यात काही चूक नाही.

पहिलंच स्टेशन मळवली. उतरायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

मळवलीचं स्टेशन कुणी मुद्दाम बघायला यावं असं नाही. दोन फलाट, वरून जाणारा पूल, तिकिटाची खिडकी, पावसात काळी पडलेली फरशी, पिवळ्या पाटीवर तीन भाषांतलं नाव. लोकल निघून गेली की रुळांमधल्या खडीवर पाणी वाजतं तेवढं ऐकू येतं, आणि पलीकडून द्रुतगती महामार्गाची अखंड घरघर. पण पुलाच्या मध्यावर उभं राहावं आणि सावकाश भोवती बघावं. मी तसा उभा आहे. ढग हलतायत. दक्षिणेला विसापूरची सपाट पाठ दिसते, तिच्या मागं लोहगड, त्याचा विंचूकाटा ढगात शिरलेला. विसापूरच्या पायाशी भाजे. उत्तरेला इंद्रायणी, तिच्या पलीकडं जुना रस्ता आणि त्याच्यावरच्या डोंगराच्या कुशीत कार्ला. रुळांच्या दोन्ही बाजूंना भातखाचरं. चिखलणी झालेल्या खाचरात बायका ओळीनं वाकून आवण लावतायत. पूर्वी डोक्यावर इरली असायची, आता प्लास्टिकचा कागद असतो. लावतायत तो इंद्रायणीच असणार. हा वाण याच मावळात, वडगावच्या भात संशोधन केंद्रात तयार झाला आणि नदीचं नाव घेऊन घराघरांत गेला.

इथून मला एकाच खोऱ्यात सगळ्या वाटा दिसतात. नदी, जुना रस्ता, रेल्वे, महामार्ग. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांतून माल घेऊन व्यापारी घाट चढायचे आणि या खोऱ्यातून देशावर जायचे, तीच ही वाट. भिक्षूंनी लेणी इथं कोरवून घेतली कारण वाट इथून जात होती. मुंबईहून निघालेली इंग्रजांची फौज १७७९ च्या जानेवारीत पुण्यावर चालून आली तीही याच वाटेनं. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट मराठ्यांच्या तोफगोळ्यानं पडला. शत्रूच तो, पण लढवय्या होता म्हणून मराठ्यांनी त्याला नाव ठेवलं, इष्टूर फाकडा. वडगावला त्याची समाधी आहे आणि मावळातला म्हातारा माणूस आजही त्याची गोष्ट सांगतो. आपल्याविरुद्ध लढलेल्याचं नाव अडीचशे वर्षं जिभेवर ठेवणारा हा मुलूख आहे.

आजींचं कुटुंब रिक्षा ठरवतंय. मुलगा मला म्हणतो, "काका, या ना आमच्यातच." दाटीवाटीनं बसतो. इंद्रायणीचा पूल, गढूळ पाणी, कार्ला फाटा, मग चढ. पायऱ्यांवर दुकानं लागलेली, ओट्या, नारळ, हळदीकुंकू, ताडपत्रीवर पडणारं पाणी. पायऱ्यांवरून ओहोळ उतरतोय. आजी दर वीस पायऱ्यांना थांबतात, कमरेवर हात ठेवतात, "आय माऊलीचा उदो" म्हणतात आणि पुन्हा चढतात. मी त्यांच्या मागोमाग.

वर आल्यावर देवळाच्या रांगेत ती मंडळी जातात. मी चैत्यात शिरतो.

आत शिरलं की पाऊस एकदम दूर जातो. भारतात डोंगरात कोरलेल्या चैत्यांमध्ये हा सर्वांत मोठा. लांबी सव्वाशे फुटांच्या आसपास, ३७ खांब, आणि वर अर्धगोल छताला सागवानी कमानी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं हे लाकूड अजून जागेवर आहे. मावळचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्यालाच या वाक्याचं वजन कळेल. आमच्या घरांचे वासे तीस-चाळीस पावसाळ्यांत बदलावे लागतात. डोळे अंधाराला सरावले की स्तूपावरची लाकडी छत्री दिसते. तीही तेव्हाचीच.

पण मी खाली बघतोय, खांबांकडे. खांबांवर ब्राह्मी अक्षरं आहेत. दोन-अडीच इंचांची, कुठं खोल, कुठं हातांनी गुळगुळीत झालेली. मोबाइलचा उजेड तिरका धरला की अक्षर उठून दिसतं, सरळ धरला की नाहीसं होतं. मी तिरका धरतो. क, मग न, मग वर्तुळाचा ठ. हे सगळे दानाचे लेख. अनेक खांब कुणी दिले ते त्यांच्यावर कोरलंय. धेनुकाकट नावाच्या गावाची माणसं यांत पुष्कळ आहेत. ते गाव नेमकं कुठलं यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. स्वतःला यवन म्हणवणारे दाते आहेत, म्हणजे पश्चिमेकडून येऊन इथं रमलेले व्यापारी. वैजयंतीच्या भूतपाल शेठजीचा लेख ओवरीत आहे. हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे असं त्यानं अभिमानानं कोरून ठेवलंय. वैजयंती म्हणजे आजचं कर्नाटकातलं बनवासी. उषवदातानं वलूरकाच्या भिक्षूंना करजिक गाव दिल्याचा लेख आहे. वलूरक हे या डोंगराचं तेव्हाचं नाव.

आणि दाराशी एक लेख आहे, ज्याच्यासाठी मी दर वेळी इथं येतो. दार कुणी केलं ते त्यात सांगितलंय. धेनुकाकटचा सुतार, वेणुवासाचा मुलगा, सामी. राजा नाही, शेठ नाही, सुतार. हातानं काम करणारा माणूस, बापाच्या नावासकट.

"काय लिवलंय त्यावर, बाला?"

आजी दर्शन उरकून आत आल्यात. कपाळ मळवटानं भरलेलं, ओंजळीत प्रसादाचं खोबरं.

"नावं आहेत, आजी. ज्यांनी हे देऊळ उभं करायला हात लावला त्यांची."

"पैशेवाल्यांची?"

"त्यांचीही आहेत. पण हे इथलं एका सुताराचं."

"सुताराचं?" आजी पुढं येतात. बोट अक्षरांजवळ नेतात, पण लावत नाहीत. "नाव काय त्याचं?"

"सामी."

"सामी," त्या एकदा म्हणून बघतात. मग पदर सावरून त्या दगडाला हात जोडतात, देवीला जोडले होते तसेच. धाकट्या नातवाचं डोकं पकडून त्यालाही वाकवतात. "पाया पड. यानं दार केलं म्हणून आपण आत आलो."

मी बाहेर येतो. सिंहस्तंभावरून पाणी निथळतंय. सकाळचे काका डोळ्यांसमोरून जात नाहीत. सामीनं दार करून दोन हजार वर्षं झाली, त्याचं नाव एका कोळी आजीला कळलं. घाट होऊन पावणेदोनशे वर्षंही झाली नाहीत आणि सुरुंगावरच्या माणसाचं नाव त्याच्याच वंशजाला कळू शकत नाही.

दुपारी मळवलीला परत येतो. मधे बराच वेळ लोकल नाही, म्हणून रुळांच्या पलीकडं, महामार्गावरच्या पुलावरून भाज्याकडं चालत जातो. पुलाखालून गाड्या सुसाट जातायत, पुलावर माझ्यासोबत शाळेतून सुटलेल्या पोरी, तिघींत एक छत्री. भाजे लेणी कार्ल्याहून जुनी, इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातली, २२ लेण्यांचा समूह. धबधब्यांच्या दिवसांत इथं माणसांचा पूर येतो, आज वार मंगळवार म्हणून शांतता आहे. मी थेट टोकाकडच्या १४ स्तूपांपाशी जातो. काही आत, काही उघड्यावर. स्थविरांची स्मारकं आहेत ही. अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन अशी नावं त्यांच्यावर कोरलीयत. आयुष्यभर ज्यांनी स्वतःचं काही ठेवलं नाही अशा भिक्षूंचीही नावं मागच्यांनी पुसू दिली नाहीत. थोडा वेळ तिथं बसतो. कड्यावरून पाण्याचा पडदा पडतोय, त्याच्या आडून खालचं खोरं दिसतं, हिरवं, आणि त्यातून ओढलेली रुळांची रेघ.

खाली उतरून स्टेशनावर येतो तेव्हा फलाटावर सात-आठ माणसं. करटुल्यांची पाटी घेऊन एक मावशी. एक कॉलेजातली मुलगी, मांडीवर पुस्तक. रुळांमधून एक माणूस चालत येतोय. डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, हातात पाना, पाठीवर झोळी. चावीवाला. पूर्वी रूळ लाकडी स्लीपरांना खुंट्यांनी, चाव्यांनी जखडलेले असत, त्या चाव्या ठोकत जायचं हे काम. आता सिमेंटचे स्लीपर आणि लोखंडी क्लिपा आहेत, तरी नाव चावीवालाच राहिलंय. तो दोन्ही रुळांवर नजर ठेवून चालतो. एके ठिकाणी थांबतो, वाकतो. क्लिप बाहेर सरकलीय. हातोडा उचलतो, एक घाव, दुसरा घाव. दुसऱ्या घावाला आवाज बदलतो, पक्का होतो. त्याच्या कानाला तो कळतो आणि तो पुढं निघतो. आपल्या हद्दीचे काही किलोमीटर असे रोज, पावसात अधिकच बारकाईनं, आणि रात्री पावसाळी गस्तीची माणसं वेगळी. आता येणारी गाडी ताशी शंभर किलोमीटरच्या वेगानं या क्लिपेवरून जाणार आहे आणि तिच्यातल्या कुणालाही तो आवाज ऐकू येणार नाही.

फलाटाशी आल्यावर मी त्याला पाण्याची बाटली पुढं करतो. तो दोन घोट घेतो. मी नाव विचारतो, तो सांगतो, वडलांच्या नावासकट. गावही सांगतो, नाणे मावळातलं. मी वहीत लिहून घेतो. इथं छापत नाही, कारण तो आणि मी रस्त्यात भेटलेली माणसं. पण वहीत ते आहे.

भोंगा वाजतो. तो रुळांतून बाहेर सरकून उभा राहतो, तोंड गाडीकडं, हिरवी बावटी उघडलेली. लांब पल्ल्याची गाडी न थांबता मळवलीतून निघून जाते, पाण्याचे तुषार फलाटावर उडवत. तिच्यामागं बँकर नाहीत. ते लोणावळ्यातच सुटले.

रेल्वेच्या कागदांत त्या ४०,००० माणसांची नावं आता सापडतील अशी फारशी आशा मला नाही. मजुरांची गणती होई, नोंद मुकादमाची राही. पण लोणावळ्यात, खंडाळ्यात, कर्जतला, खोपोलीला, मावळातल्या गावागावांत अशी घरं आहेत जिथं कुणाचा तरी पणजा घाटात होता, लोको शेडमध्ये होता, गँगमध्ये होता. त्या घरांतली म्हातारी माणसं आज बाकावर बसलेली आहेत. लोणावळ्याच्या आणि मळवलीच्या फलाटावर एक दगड लावावा, त्यावर वर्षं लिहावीत, १८५६ ते १८६३, कामावरच्या माणसांचा आकडा लिहावा, आणि खाली जागा मोकळी सोडावी, जसजशी नावं मिळतील तसतशी कोरायला.

आणि तुमच्या घरात असा कुणी असेल, तर या आठवड्यातच घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा. नाव विचारा, बापाचं नाव विचारा, गाव विचारा, काय काम करायचा ते विचारा. सामीच्या लेखात एवढंच आहे.